गृहीतक क्रमांक अकरा

पहिले तीन आठवडे संगणकाला हात लावायचा नाही,
म्हटल्यावर वर्गाचं तोंड उतरलं.
मग मी त्यांना बांजुलच्या धक्क्यावर नेलं.
समोर नदी, समुद्राला मिळता मिळता रुंद झालेली,
पलीकडे बर्राचा किनारा, धूसर.
एक फेरीबोट चालू, दुसरी दुरुस्तीला.
म्हटलं, बघा. आधी कागद कोरा ठेवून बघा.

उसैनूने दुपारपर्यंत सगळं काढलं:
शेंगांची पोती, ट्रकांचे नंबर, भरती-ओहोटी,
संत्री सोलणाऱ्या बाईची सुरी,
दोरीला हिसके देणारी बकरी.
कागद पुरेना, तर पाठीमागेही काढलं.
कुंबाचे तीन चौकोन, दोन बाण.
येणं. थांबणं. जाणं.
"झालं, सर," म्हणाली, आणि सावलीत जाऊन बसली.

दोघांना मी एकच विचारलं:
तुम्हाला कळून काय घ्यायचंय?

बराच वेळ नुसता वारा.
मग उसैनू म्हणाला, ट्रक दोन-दोन दिवस का अडकतात, ते.
"मग बकरी कशाला?"
त्याने बकरी खोडली.
खोडताना हात जड झाला त्याचा.
तो जडपणा शिकवता येत नाही.
येईपर्यंत शेजारी उभं राहता येतं.

कुंबाला म्हटलं, मधल्या चौकोनात रांगा किती?
"एक."
"जा, उभी राहा तिच्यात."
अंधार पडताना परतली, चपलेचा अंगठा तुटलेला.
"एक चालणाऱ्यांची, सर. एक गाड्यांची.
आणि एक दिसतच नाही,
पोटुशी बाई ओळखीच्या खलाशाला हाक मारते, ती."
चौथा चौकोन काढला तिने.
नाव सुचेना, तसाच ठेवला.

त्यांना अजून सांगितलेलं नाही:
ऐन उमेदीत मी बंदर खात्याला याच नदीचं
प्रतिमान करून दिलं होतं.
उत्तर दशांशचिन्हापुढे तीन घरं.
आणि गृहीतकांच्या यादीत, अकराव्या ओळीत, बारीक टायपात:
इंजिन बंद पडत नाही.
कुणी वाचलं नाही.
लिहून झाल्यावर मीही नाही.

काल पुन्हा गेलो.
चढणीच्या फळीवर एक बकरी चारी पाय रोवून उभी,
मालक ओढतोय, खलाशी शिव्या देतोय,
मागे अकरा ट्रक. मोजले मी.
उसैनू घड्याळ लावून बसला. सव्वीस मिनिटं.
मग वहीतलं खोडलेलं पान उघडून
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"सर, पेन्सिल आहे?"