कानातलं

धंतोलीतल्या डॉक्टरनं काचेच्या खोलीत बसवलं,
ऐकू आलं की बटण दाबा म्हटलं.
मी दाबत होतो, बहुतेक वेळा अंदाजानं.
मग त्यानं कागदावरची रेघ दाखवली,
इतवारीतल्या जुन्या जिन्यासारखी, खाली खाली जाणारी,
आणि किंमत लिहून दाखवली, बोलला नाही.
दोन कानांचे पंच्याऐंशी हजार.
"एका कानाचं पाहू," असं प्रफुल्ल म्हणाला असावा.
मी मान हलवली.
मान हलवायला मी कधीचा शिकलोय.

पॉवरलूमवर एकतीस वर्षं.
तांडापेठेत अर्ध्या गल्लीचे कान तसेच गेले.
आम्ही बोलायचो ते ओठांनी,
धोट्याच्या दोन फेऱ्यांच्या मधे.
पहिला माग घेताना हिचं कानातलं मोडलं होतं.
पुन्हा घडवायचं राहून गेलं,
मग घालायला कानही राहिले नाहीत.

आता कानातलं माझ्या कानात.
पांढरं, घुगरीतल्या चण्याएवढं.
तन्मयनं नवं घेतलं म्हणून जुनं मला.
त्यानं फोनमध्ये काही खटपट केली आणि एकदम
कूलर!
अरे बाप्पा, अख्खं शेड चालू झालं घरात,
पाणी, पंखा, थडथडणारा पत्रा,
मी दोन्ही हात वर केले,
धागा तुटल्यावर करायचो तसे.
पोरगं हसलं. हसू ओठांवर आधी आलं,
आवाज मागून, चप्पल शोधत आल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी ते घालून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर गेलो.
खास ऐकायला.
रामकृष्ण निनावे रोज शेजारी बसतो,
माझ्या कानांकडे पाहून पलीकडच्या बाकावर गेला.
"डोमाजी गाणे ऐकून राह्यले," म्हणाला कुणाला तरी,
"ऐकू दे."
किती वर्षांनी नीट ऐकू आलेलं
बाहेरचं पहिलं वाक्य.
मी दोन्ही काढून खिशात टाकले.
तो लगेच येऊन बसला, बोलत राहिला,
मी मान हलवत राहिलो.

फोन स्वयंपाकघरात राहिला तो चुकून,
चार्जिंगला, डाळीच्या डब्याला टेकून.
मी बाहेर खाटेवर.
कानात कोणी बाई बोलायला लागली.
खालच्या पट्टीत, शब्दाच्या शेवटी थोडी हवा सोडत,
मधेच नाकातून हसत.
कोण पाहुणी आली म्हणून उठून पाहिलं.
उज्ज्वला. एकटीच. कढी ढवळता ढवळता
खिडकीतल्या मांजरीला विचारत होती,
"पिल्लं कुठं ठेवले व माय तू?"

सतरा वर्षं ती या घरात,
माझे कान त्याच्या आधीच गेलेले.
"बाबा, जेवायला चला" म्हणजे
तीन घरांनी ताटं घ्यावीत असं.
मला वाटायचं, सून कडक आहे.
निनावेला तसं सांगितलंही होतं, एकदा नाही, दोनदा.

दारात उभा राहून ऐकत राहिलो,
मग चोरी केल्यासारखं वाटलं.
म्हटलं, "हळू बोल."
ती दचकली. "काय झालं, बाबा?"
कानात फटाका फुटला.
"हळू," मी म्हणालो. बहुधा मीच ओरडलो,
मांजर खिडकीतून पळाली.

उज्ज्वलानं डाव पुसला, घसा साफ केला.
ओठ हलले, थांबले.
माझ्यासाठीचा लहान आवाज
तिला घरात कुठं सापडेना.
तेवढ्यात कढी उतू गेली,
आधी दिसली, मग ऐकू आली.
डाव्या कानात टुंग वाजून बॅटरी संपली.

उजव्यात आहे अजून थोडी.