दहापैकी

बोर्डाचे पेपर तपासण्यात एकतीस वर्षं गेली,
जिभेलाही सवय लागली अर्धा गुण कापायची.
निवृत्त झाल्यावर वही केली, दोनशे पानी, लांब.
डावीकडे बेकरी, मध्ये पदार्थ, उजवीकडे गुण,
आणि शेऱ्याला एकच ओळ,
कारण त्याहून जास्त लिहिलं की माणूस दयाळू होतो.

सदर. फिलोमिनाबाईंचा मनुकांचा केक,
नाताळ होऊन तीन आठवडे झालेला.
साडेआठ. शेरा: शिळा आहे, म्हणूनच.

गोकुळपेठ. क्रोसाँ म्हणे.
चिमटीत धरला की पापुद्रे उडायला हवेत,
हा ओल्या पुठ्ठ्यासारखा. तीन.
मालक म्हणाला, "मॅडम, पोरं आवडीनं खातात."
पोरं खडूही खातात. मी पाहिलंय.

महाल. क्रीमरोल.
दोन्ही टोकांना क्रीम, मध्ये बोगदा.
गाईड पाठ करून आलेल्या मुलाचं उत्तर असंच असतं,
सुरुवात येते, शेवट येतो. चार.

इतवारीची खारी मात्र
चहात बुडवून पाच मोजेपर्यंत टिकते.
सात. सहा मोजले असते तर आठ.

जरीपटक्यात भूमिका तेजवानी
घरच्या घरी चॉकलेटच्या वड्या करते,
आत संत्र्याची साल, पाकात मुरवलेली, किंचित कडू.
फेब्रुवारीत नऊ दिले.
(नऊ मी नोकरीत सहा जणांना दिले. त्यातला एक आता डॉक्टर आहे.)
मे महिन्यात तीच वडी:
वर पांढरट चट्टे, बोटाला लागताच पसरली.
पाच, म्हटलं.
ती काही बोलली नाही, एसीकडे बघितलं.
वीज सकाळपासून नव्हती.

मग पाचपावली. वस्तीच्या नावातच पाव,
आणि बेकरीवाल्याचं आडनाव निखारे,
एवढ्यावर अर्धा गुण वाढवायचा मोह झाला.
पण लादी फोडली तर आंबट वास.
चार. शेरा: पीठ झोपलं, मालकही.

भोजराज निखारेंनी वही उलटी धरून वाचली.
"बाई, घरी बसून मार्क देऊन राहिल्या तुम्ही.
पहाटे तीनला येऊन पाहा नं एकदा."

गेले.
बाहेर बत्तीस. आत, भट्टीपाशी, आकडा कोणी ठेवत नाही.
त्यांचा पोरगा पोत्यातली बर्फाची लादी
दाभणानं फोडत होता,
ते पाणी पिठात जात होतं.
"उन्हाळ्यात खमीर धावते, बाई.
तिच्या मागं आपण. त्या दिवशी बर्फवाला लेट झाला, वीस मिनिटं."

वीस मिनिटं. मी सहा गुण कापले होते.

ते पीठ ओढत होते, दुमडत होते, पुन्हा ओढत होते.
आजोबा मागावर बसायचे म्हणाले, लुगडी विणायचे,
"आमच्या घरी हात असाच जाते, पुढं नि मागं."
मग एक गोळा माझ्यापुढे सरकवला.

पाव निघेपर्यंत, तिथेच पोत्यावर बसून
वहीत नवा रकाना आखला: तापमान.
जुन्या पानांवर जागा नव्हती,
समासात लिहिलं, आठवून, अंदाजे.
भूमिकाच्या पाचाशेजारी सेहेचाळीस.
पाच खोडले नाहीत. चट्टे होते, ते होतेच.
क्रोसाँचे तीनही तसेच ठेवले,
तो डिसेंबरात खाल्ला होता.

साडेपाचला तवे बाहेर आले.
माझा पाव लगेच ओळखू आला, शेजाऱ्यांना टेकून बसलेला.
भोजराजनी उलटा केला, बुडावर टिचकी मारली,
कान लावला, फोडला, हुंगला.
"दोन."
"दहापैकी?"
"हो नं."
शेरा विचारला.
थोडा वेळ माझ्या बोटांकडे बघत राहिले.
"हात घाबरला."

लिहून घेतलं.
डावीकडच्या रकान्यात, बेकरीच्या जागी, माझं नाव.