मादी, प्रजाती अनिश्चित

नराला उलटा करावा लागतो.
पाठ बघून काही कळत नाही.
तोच हिरवा, तीच तपकिरी कड, तेच आखूड पंख,
उडायच्या कामाचे नाहीत, एकमेकांवर घासायच्या.
सगळं वेगळेपण शेपटाकडच्या दोन आकड्यांत.

भिंगाखाली मी ते आकडे काढते, कठीण पेन्सिलीनं.
वरच्या रानातल्या नराचा आकडा टोकाशी एकदा वळतो.
खालच्या ओढ्यावरच्याचा दोनदा,
आणि आतल्या अंगाला एक दात,
बाजरीच्या कुसळाच्या टोकाएवढा.
समोरच्या डोंगरावरचा तर तिसराच.
मधे नुसती सपाटी, घायपाताचे मळे, धूळ, शेळ्या.
बस दोन तासांत जाते.
चालणाऱ्या किड्याला तो समुद्र.

माद्यांचे आकडे साधे, सरळ, सगळ्यांचे एकसारखे.
त्यांच्या चिठ्ठीवर मी लिहिते: मादी, प्रजाती अनिश्चित.
अशा त्रेचाळीस जणी त्या पत्र्याच्या डब्यात.
परवा त्यांच्यातलीच एक बघितली,
दोन फांद्यांवर दोन नर घसा फोडत असताना
एकाकडे सरळ चालत गेली,
दुसऱ्यापाशी थबकलीसुद्धा नाही.
कान तिच्या पुढच्या पायांत असतात, गुडघ्याखाली.

सेनकोरो आमच्यापुढे चालतो. पारेच्या या चढावर
चाळीस वर्षं त्यानं पाहुण्यांना किडे दाखवले, नुसत्या आवाजावरून.
हा वरचा, म्हणायचा, हा ओढ्याचा,
आणि सकाळी आकडा त्याच्या बाजूनं साक्ष द्यायचा.
यंदा नेच्यांत थांबला.
रान गप्प झालंय, म्हणाला.

माझ्या कानांत करवती चालल्या होत्या.
डॉक्टर म्शानांनी माझ्याकडे पाहिलं,
मी बॅटरीच्या उजेडाकडे.

त्याची नात नामसिफू, अकरा वर्षांची,
शाळेचा स्वेटर घालून आमच्यामागे आलेली.
तिनं त्याचा हात ओढला
आणि त्याचं बोट एका पानावर टेकवलं.
पान थरथरत होतं.
किती वेळ उभा राहिला कोण जाणे.
बोट काढून म्हणाला, ओढ्याचा.
मग पोरीला ओरडला, चप्पल का नाही घातलीस म्हणून.

सकाळी नर उलटा केला.
दोन वळणं. दात शोधायला भिंग पुन्हा पुसावं लागलं.
चिठ्ठीवर जागा, तारीख, उंची लिहिली,
आणि ओळख कुणी पटवली तिथं:
सेनकोरो, बोटानं.

अशी नोंद करत नाहीत, डॉक्टर म्हणाल्या.
पेन्सिलीनं लिहिलंय, मी म्हटलं.
त्यांनी रबर हातात घेतला,
टोक फुंकलं,
आणि समोरच्या डोंगरावरची डबी मागितली.