सावकाश

वडगावात मागांच्या खोल्यांमागं पत्र्याचा हॉल,
आत निळ्या-तांबड्या मॅटी, सांध्यांना चिकटपट्टी.
लेकीला सोडायला जायची मी, दाराशी चपला राखत बसायची.
एकदा दुंडाप्पा सर म्हणाले,
बसून काय करता, पडायला शिका.

चार महिने नुसती पडले.
मागं, कुशीवर, पुढं.
हनुवटी छातीला, हात मॅटवर सपकन.
एकोणचाळीस वर्षं न पडण्यात घालवलेली,
ती मोडायची म्हणजे
वीतभर विणलेलं उलगडून
पुन्हा पहिल्या धाग्यापासून धोटा फेकायचा.

मी पांढऱ्याची पिवळी झाले तेव्हा लेक नारिंगी होती.
मी नारिंगी झाले, ती हिरवी.
कुणीतरी सांगितलं, दुसऱ्या एका गावात
दर तीन महिन्यांनी परीक्षा, फी भरली की रंग.
सरांना विचारलं, आपल्यात किती दिवस?
म्हणाले, "सावकाश."
हा शब्द त्यांनी कानडीतला काढला की मराठीतला
ते मला अजून कळलेलं नाही.
दोन्हीकडं तो तसाच आहे,
दोन्हीकडं त्याला घाई नाही.

हॉलच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट.
नवा पट्टा विकत घ्यायला सरांची बंदी.
वरचा रंग मिळाला की खालचा कपाटात परत,
आणि ज्याला मिळेल त्यानं
आतल्या बाजूला आपलं नाव लिहायचं.

मी हिरव्याला बसले चैत्रात.
ओसोतो-गारी बसली. खाली दाबलेला प्रज्योत
वीस सेकंद वळवळला, सुटला नाही.
"पास," म्हणत सरांनी कपाट उघडलं.
हिरवा नव्हता.
दोनच हिरवे आमच्यात. एक माझ्याच लेकीच्या कमरेला,
दुसरा शाहीन मुल्लाच्या;
ती नर्सिंगच्या पेपरांत अडकलेली,
निळ्याला बसायला तिला सवड नाही.

मग मी पास झालेली नारिंगी.
नव्या पोरी विचारायच्या, काकू, तुमचा रंग कुठला?
मी म्हणायची, कपाटात आहे.
खरं तर कपाटातही नव्हता.

श्रावणात लेक निळ्याला बसली आणि राहिली.
फेकी सगळ्या बिनचूक,
पडताना हात तेवढा उशिरा आपटला.
रिक्षात रडली. म्हणाली, माझ्यापायी तुझापण अडकला.
त्या रात्री माग थांबल्यावर
दोन गोधड्या अंथरून मी तिला पाडलं.
उठली, पाडलं. उठली, पाडलं.
पलीकडून मल्लव्वा भिंत ठोकत होती.

शेवटी आला तो शाहीनचा.
दोनदा धुतला तरी मलमाचा वास जाईना.
आत डावीकडून कानडीत इराण्णा, त्याला लागून गुरुलिंग,
उजव्या टोकाकडून उर्दूत शाहीन,
मधे चार बोटं कोरं.
माझं नाव वैजयंता. चार बोटांत बसवायचं,
कापड जाड, बॉलपेन उठेना,
एकेक रेघ तीन-तीनदा गिरवत होते.
बाहेर दिवे लागले. लेक सायकल धरून उभी,
आणि सर दारात,
हातात कुलूप घेऊन,
काही न बोलता.