हजार फूट

केसलर म्हणाला, आधी शाळांभोवती वर्तुळं काढ.
काढली.
मग चर्च. सतरा हजार वस्तीच्या एल्म फोर्कमध्ये चर्च एकतीस,
त्यातलं एक बंद पडलेल्या टायरच्या दुकानात,
फक्त रविवारी उघडणारं.
तेही धर, म्हणाला.
मग बागा, पाळणाघरं, वाचनालय,
मग जिथे जिथे लोक राहतात तो सगळा पिवळा रंग.
प्रत्येकाभोवती हजार फूट,
भिंतीपासून नाही, कुंपणापासून,
सरळ रेषेत, मध्ये नदी आली तरी.

ठरावात नाव आहे: प्रौढांसाठीचे व्यवसाय.
मला आठवलं आमच्या तालुक्याला स्टँडमागचं थिएटर,
ज्याच्या पोस्टरवर चिकटवलेली कागदाची पट्टी
पोस्टरपेक्षा जास्त बघितली जायची.

संध्याकाळपर्यंत नकाशा भरला
जोंधळ्याच्या कणसासारखा, दाण्याला दाणा लागून.
"सगळं झाकू नकोस," केसलर घाईने म्हणाला,
"वकील म्हणतात, बंदी घालता येत नाही.
थोडी जागा उरलेली दिसली पाहिजे."

उरले चार तुकडे.
एकात तळं.
एक रेल्वेचा, ती कुणाला देत नाही.
एक सांडपाणी केंद्राच्या गाळाच्या वाफ्यांना लागून.
चौथा त्या एकतीसांपैकी एका चर्चच्या ट्रस्टचा.
त्यांचा खजिनदार परवा खिडकीवर आला,
टोपी हातात, आवाज खाली,
आता भाव काय येईल म्हणून विचारत.

सुनावणीत वांडा स्प्रेग उठली.
वय सहासष्ट, गुडघ्याला पट्टा,
कॅसेटच्या काळापासूनचं दुकान, नवरा गेल्यावर एकटीच गल्ल्यावर.
प्रत्येकाला तीन मिनिटं. ती एवढंच बोलली:
"तुमच्यातले बरेच जण माझ्याकडे मागच्या दाराने येतात.
पुढचं दार कुठे ठेवू, तेवढं सांगा."
उरलेला वेळ तशीच उभी राहिली.
घड्याळ लाल आकडे उतरवत होतं.
मग एक आई रडत रडत बोलली,
तिच्या मुलाची बस त्याच दुकानासमोर थांबते.
तिचंही खोटं नव्हतं.

आमच्याकडे कंपास लागला नव्हता.
वारा कुठून वाहतो ते पाहून वेस ठरली होती,
आणि माझ्या पणजोबांचं घर अशा अंगाला
जिथून वारा गावात शिरत नसे.
नको ही तुलना.
वांडाच्या कपाटातला माल आणि आमच्या माणसांची सावली
एका पारड्यात घालायची नाही मला.
तरी माऊस धरताना
बोटांना काहीतरी ओळखीचं लागत होतं.

ठराव पाचाविरुद्ध दोन मतांनी मंजूर.
दुसऱ्या दिवशी, कुणी सांगितलं नसताना,
मी गाळाच्या वाफ्यांशेजारी टोक ठेवलं
आणि रेघ ओढत माझ्या इमारतीपर्यंत आणली.
सहाशे चाळीस फूट.
पुन्हा मोजलं. सहाशे चाळीस.

केसलरने चष्मा कपाळावर सरकवला.
"ती इमारत व्यापारी पट्ट्यात आहे गं. लाल रंग.
तिथे राहणं हे कागदावर राहणं धरत नाहीत."
वाईट माणूस नाही तो.
माझ्या मुलीच्या वाढदिवसाला स्वतः भाजलेला केक घेऊन
याच लाल रंगाचे तीन जिने चढून आला होता.

आमच्या मजल्यावर ग्वाटेमालाची दोन कुटुंबं,
एक रात्रपाळीची नर्स, दिवसा पडदे ओढून झोपणारी,
जिन्यात माझ्या मुलीची सायकल,
तिच्या घंटीवर कुणीतरी रोज एकदा बोट मारून जातं.

मी फाइल बंद करायला घेतली.
नाव काय देऊ, मशीनने विचारलं.
'अंतिम' लिहिलं.
मग त्यापुढे दोनचा आकडा.