दोर

कोलशेतच्या माझ्या टपरीत, मशीनवर,
निवृत्त सार्जंट मिस्किटा बिल्ला ठेवतात:
निळं कापड, झेपावणारी घार,
पंजात पिवळा दोर.

"हा दोर तेवढा उसवून दे."

पथक नवं होतं तेव्हा दोर नव्हताच, सांगतात.
नुसती घार. पंजे मोकळे.
मग उल्हास नदीचा पूर, खडवलीची कौलं,
हेलिकॉप्टरच्या दोराने चौदा माणसं वर आली;
साहेबांनी खूश होऊन बिल्ल्यावर दोर भरून घेतला.

पंधरावं कोण, मी विचारत नाही.
सुई टाक्याखाली घालते.
जुनी भरणी, घट्ट. एकेक तुटतो,
टक्.

दोर निघतो.
कापडावर उरते त्याची वाट, भोकाभोकांची,
न विटलेल्या निळ्याची.

ते त्यावरून बोट फिरवतात.
"राहू दे एवढं," म्हणतात,
आणि सुटे नसतात दोघांकडेही.