पोले

आर्वी नाक्यावर, पानठेल्यापाशी पयलाच सवाल:
सिंह पायला का?
नाई पायला बावा.
मी गेल्तो जिनिंगचे रेचे बसवाले,
टांझानियात, तीन महिने.

माती लाल. पऱ्हाटी मात्र थेच,
बोंडं थेच, सरकी थेच,
वेचणाऱ्या बाया तेवढ्या अनवळखी.
दुकानाले दुका म्हणतात, चहाले चाय.
वाटलं, आपलंच गाव हाय,
कोणी अर्धे शब्द खाऊन टाकले.
मक्याचा घट्टा रोज.
तिखटाची पुडी आठव्या दिवशी सरली.

नेएमा नावाची बुढी गेटावर झाडू मारे.
बोटाले पान्हा लागला, म्हणे, पोले.
घाम पुसला, पोले.
काईच नाई झालं, निसता कामावरून आलो,
तरी पोले.
मुकादमाले इचारलं. थो म्हणे,
तुले कष्ट पडले, मले दिसले,
एवढंच.

हे ठेल्यावर नाई सांगतलं.

दिवस बुडता कौतिका वेचणीहून आली,
ओटीतला कापूस उतरवला,
कंबर धरून उभी राह्यली.
माह्या तोंडातून निंगालं: पोले.

थे दचकली.
"काय पोयलं? कुठं?"
अन् माहे हात
उलटेपालटे करून पाहाले लागली.